न मागण्याचे टक्के

पहिलं वर्ष काही न मागता गेलं की २० टक्के. दुसरं गेलं की २५, मग ३५, मग ४५ आणि पाचवंही तसंच गेलं की ५०. मोटार विम्यातल्या ‘नो क्लेम बोनस’ची ही शिडी. ५० च्या वर पायरी नाही. तिथे पोचलं की नुसतं टिकून राहायचं. आणि कुठल्याही पायरीवर असा, एकदा दावा केलात की पुढच्या नूतनीकरणाला शून्य. सोळा सोमवारांचं व्रत चौदाव्या सोमवारी मोडलं तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून, तसंच हे.

आमचे विमा एजंट दर वर्षी पॉलिसी संपायच्या आधी फोन करतात आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं : “मॅडम, तुमचा एनसीबी फुल आहे!” सांगताना त्यांच्या आवाजात असं काही कौतुक असतं की माझी मान आपोआप थोडी ताठ होते. मी बँकेत उभी हयात आकडे तपासण्यात घालवली आहे, कौतुकाला सहसा भुलत नाही. पण हे कौतुक मात्र मी दर वर्षी मुकाट्याने घेते. कशाचं कौतुक, हे विचारायची वेळ मात्र परवापर्यंत आली नव्हती.

कारण आमच्या गाडीला काही झालंच नाही, असं अजिबात नाही. लक्ष्मी रोडवर एका स्कूटरचं हँडल मागच्या दारावर लांबलचक चरा ओढून गर्दीत नाहीसं झालं. एका वळवाच्या पावसात आंब्याची फांदी टपावर पडली. आरसा दोनदा गेला. ते सगळं आम्ही खिशातून भरलं किंवा तसंच राहू दिलं, आणि कंपनीच्या दप्तरात या गाडीच्या आयुष्यात आजवर काहीही घडलेलं नाही. आमच्याच इमारतीत एक गृहस्थ आहेत. पार्किंगमधला तिसरा खांब आणि त्यांचा मागचा बंपर यांचं जुनं नातं आहे. दर वेळी रोख पैसे देऊन रंग मारून आणतात. त्यांचाही बोनस ५० टक्के. उलट सिग्नलला शांतपणे उभ्या असलेल्या एखाद्या बाईंना मागून कुणी ठोकलं आणि त्यांनी स्वतःच्या विम्यातून दुरुस्ती करून घेतली, की त्या शून्यावर. चूक कुणाची हा प्रश्न या शिडीवर कुणी विचारतच नाही.

सगळीकडे असंच असतं असंही नाही. फ्रान्समध्ये चालकाला एक गुणांक असतो. वर्ष सुखरूप गेलं की तो ५ टक्क्यांनी उतरतो, स्वतःच्या चुकीने अपघात केला की २५ टक्क्यांनी चढतो, आणि चूक पूर्णपणे समोरच्याची असेल तर हलत नाही. तिथे निदान गाडी कशी चालवली याला काही किंमत आहे. आपल्याकडे किंमत आहे ती गप्प बसण्याला. कंपन्यांची बाजूही मी समजू शकते. प्रत्येक पोच्यामागे चूक कुणाची हे शोधत बसायचं तर पोच्यापेक्षा शोध महाग पडायचा. सर्व्हेअर, फोटो, गॅरेजशी पत्रव्यवहार, फाइल; दोन हजारांच्या दाव्याला आणि दोन लाखांच्या दाव्याला कारकुनी जवळपास सारखीच लागते. तेव्हा लहान दावे दारापर्यंत येऊच नयेत म्हणून दारात ही शिडी लावून ठेवली आहे. २००७ सालच्या जानेवारीत विम्याचे दर मोकळे झाले, कंपन्या आपापल्या किमती लावू लागल्या, पण पायऱ्या मात्र जुन्या दरपत्रकातल्याच राहिल्या.

हे सगळं आठवायला निमित्त झालं ते पाण्याच्या टँकरचं.

धायरीत राहणाऱ्या माणसाला एप्रिल आला हे कॅलेंडरवरून कळावं लागत नाही. टँकरच्या रिव्हर्स हॉर्नवरून कळतं. सोसायटीच्या फाटकात टँकर उलटा आत घेतात, मागे क्लीनर गाडीच्या पत्र्यावर थापा मारत “येऊ द्या, येऊ द्या” म्हणत असतो, आणि एका विशिष्ट क्षणी तो “येऊ द्या”चं “बास बास बास” करतो. त्या दिवशी तो क्षण जरा उशिरा आला. मी गाडी बाहेर काढून फाटकाशी थांबले होते, इंजिन बंद. डाव्या बाजूचा पुढचा बंपर आत दबला आणि त्याच्या वरच्या फेंडरला तळहाताएवढा पोचा पडला. आवाज मोठा आला, नुकसान त्या मानाने लहान.

मग आपल्याकडे जे होतं ते झालं. वॉचमन आला, इस्त्रीवाला आला, भाजी घ्यायला निघालेल्या दोघीजणी थांबल्या आणि एका स्कूटरवरच्या अनोळखी गृहस्थांनी स्कूटर स्टँडला लावून न्यायनिवाडा हातात घेतला. त्यांचा पहिला प्रश्न : “साहेब कुठेत?” साहेब ऑफिसात आहेत आणि गाडी माझ्या नावावर आहे, हे सांगितल्यावर त्यांनी टँकरवाल्याकडे मोर्चा वळवला. “दोन हजार दे मॅडमना आणि मिटव.” रस्त्यावर जागच्या जागी भरणारं हे न्यायालय कुठल्याही विमा कंपनीपेक्षा जलद असतं, आणि त्याच्या निकालावर अपील नसतं. ड्रायव्हर बाविशीतला, बीडकडचा. खिशातून त्याने ज्या नोटा काढल्या त्या घ्याव्यात असं कुणालाही वाटलं नसतं. मी त्याला मालकाला फोन लावायला सांगितलं.

मालकाचा आवाज नम्र होता. झालेल्या प्रकाराबद्दल त्याला वाईट वाटत होतं. पोराला समज देतो म्हणाला. आणि मग म्हणाला, “पण मॅडम, तुमचा फुल इन्शुरन्स असेल ना? मग त्यातच करून घ्या की. त्यात तुमचं काय जातंय?”

त्यात तुमचं काय जातंय! मी तिथेच उत्तर द्यायला गेले आणि लक्षात आलं, की नेमकं काय जातं ते मलाही ठाऊक नाही. बोनस जातो एवढं माहीत होतं. त्याचे रुपये किती होतात, हे कधी मांडून बघितलं नव्हतं. मालकाने तेवढ्यात माझ्या फोनवर २,००० रुपये पाठवले, स्कूटरवाल्या गृहस्थांनी मान डोलावून कोर्ट उठवलं, आणि टँकर पाणी ओतायला आत गेला.

कायद्याने पाहिलं तर प्रश्न अवघड नाही. मोटार वाहन कायद्यात प्रत्येक वाहनाला तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे. तो नसेल तर वाहन रस्त्यावर आणता येत नाही. टँकरचाही असणार. त्याने माझ्या गाडीची मोडतोड केली तर ती भरून देणं त्याच्या विमा कंपनीचं काम, आणि मालमत्तेच्या नुकसानीची ही हमी साडेसात लाखांपर्यंत असते. फक्त ती मिळवायची तर मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे अर्ज करायचा, वकील द्यायचा, तारखा घ्यायच्या. बंपरसाठी तिथे कोण जाईल? दुसरी वाट म्हणजे माझ्या कंपनीने मला पैसे द्यावेत आणि मग माझ्या जागी उभं राहून टँकरवाल्याकडून वसूल करावेत. तसा हक्क तिला असतो. पण आठ-नऊ हजारांसाठी कंपनीही तो बजावायला जात नाही. म्हणजे फिरून सगळं माझ्याच पॉलिसीवर येतं, आणि ठोकलं कुणी हे माहीत असूनही उत्तर मलाच द्यावं लागतं : क्लेम करू की नको?

कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये गाडी नेली तेव्हा सल्लागार मुलाने पोचा पाहण्याआधीच विचारलं, “कॅश की इन्शुरन्स?” गाडीची चौकशी नाही, मला लागलं का ही विचारपूस नाही. यात त्याचा दोष नाही. या एका उत्तरावर पुढचं सगळं अंदाजपत्रक अवलंबून असतं. दुरुस्ती करायचा भाग बदलायचा होतो, बदलायचा भाग दुरुस्त होतो. मी “दोन्ही सांगा” म्हटल्यावर तो जरा गोंधळला. मग गाडीभोवती एक फेरी मारून आला आणि आवाज उतरवून म्हणाला, “मॅडम, इन्शुरन्सने करत असाल तर मागच्या दारावरचा तो जुना चराही यातच बसवून देतो.”

लक्ष्मी रोडवरचा तो चरा. इतक्या वर्षांत त्याच्या कडेला तांबूस गंज धरला आहे, तो मागून पुढे गेलेला आहे आणि टँकरच्या कुठल्याही भागाच्या उंचीशी त्याचा मेळ बसत नाही. कंपनीचा सर्व्हेअर याच गोष्टी पाहतो : चरा कोणत्या दिशेने गेलाय, जमिनीपासून किती उंच आहे, आत धूळ आणि गंज आहे की ताजा चकचकीत पत्रा दिसतोय, समोरच्याचा रंग लागलाय का. शिवाय नियमाने दोन वेगळ्या प्रसंगांचं नुकसान म्हणजे दोन वेगळे दावे, आणि प्रत्येकाची कपात वेगळी. पण मुलाने हे इतक्या आत्मीयतेने सुचवलं की नाही म्हणताना मलाच अवघडल्यासारखं झालं.

एजंटांनी तर त्याच्या पुढची पायरी गाठली. “क्लेम केलात तर टँकरचं नाव कशाला काढता? ‘उभ्या गाडीला अज्ञात वाहनाने धडक दिली’ एवढंच लिहा. नंबर लिहिलात की पोलिस स्टेशनचा कागद आणा म्हणतील.” म्हणजे खरं सांगितलं की कागद वाढतात आणि खोटं एका ओळीत भागतं. दाव्याच्या फॉर्मवर ‘अपघात कसा घडला’ या मथळ्याखाली तीन-चार रेघा असतात. देशभरात त्या रेघांवर किती कथावाङ्मय साठलं असेल! तिथे कुत्री सारखी आडवी येत असतात, अज्ञात रिक्षा घासून जात असतात, उभ्या गाड्यांना रात्री कुणीतरी येऊन धडकून जात असतं. फक्त पार्किंगमधल्या खांबावर स्वतःहून कुणी गाडी घातल्याचं तिथे फारसं सापडायचं नाही. आणि गंमत म्हणजे तसं खरंखुरं लिहिलं तरी स्वतःच्या नुकसानीचा विमा पैसे देतोच. खांबाला आपण धडकलो हे सांगितल्याने दावा नाकारला जात नाही. तरीही कुत्रं आणावंसं वाटतं. विम्याचा करार हा दोन्ही बाजूंनी परम सद्भावनेचा मानला जातो, हे आम्हाला बँकेच्या परीक्षांत पाठ करावं लागायचं. त्या रेघांखाली सही करायची जागा असते. लोकांच्या सह्या पडताळण्यात माझी इतकी वर्षं गेली की तिथे ‘अज्ञात वाहन’ लिहून स्वतःची सही करणं मला जमलं नसतं.

रात्री जेवणं झाल्यावर मी कागद घेऊन बसले. टँकरमालकाला उत्तर द्यायचं होतं.

आधी कंपनी देणार किती ते. वर्कशॉपचं अंदाजपत्रक करांसह १२,८०० रुपयांचं होतं : नवा बंपर ४,२००, फेंडर आणि बंपरचा रंग ७,०००, ठोकठाक आणि बसवण्याची मजुरी १,६००. बंपर प्लास्टिकचा आणि प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांच्या किमतीतून विमा घसाऱ्यापोटी सरळ निम्मे कापतो. म्हणजे २,१०० मिळणार. रंगाच्या बिलातला चौथा हिस्सा सामानाचा धरतात आणि त्या सामानावर निम्मी कपात, म्हणजे ८७५ गेले, ६,१२५ राहिले. फेंडर बदलायचा नव्हता, नाहीतर सातव्या वर्षातल्या गाडीच्या पत्र्यावर ४० टक्के घसारा लागला असता. मजुरी पूर्ण. आणि या बेरजेतून सक्तीची कपात, १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये. हाती ८,८२५. गाडी नवी असताना ‘झिरो डेप’ होतं, तेव्हा घसारा कापला गेला नसता. ती सोय गाडी जुनी झाली तशी संपली.

आता जाणार किती ते. इथे बहुतेक लोक एका वर्षावर थांबतात, मीही थांबले असते. बोनस फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळतो. तिऱ्हाइताच्या विम्याचे पैसे सरकार ठरवतं, २०२२ च्या जूनपासून आमच्या गटाच्या गाड्यांना ते ३,४१६ रुपये झाले, आणि त्यात बोनसची सवलत नाही. आमचा नुकसानीचा मूळ हप्ता साधारण ९,००० आणि त्यावर ५० टक्के सूट. दावा केला तर पुढच्या वर्षी सूट शून्य : ५० टक्क्यांचा फटका. पण त्याच्या पुढच्या वर्षी मी २० वर असेन, जिथे गप्प राहिले असते तर ५० वर असते. म्हणजे आणखी ३०. मग २५ चा फटका, मग १५ चा, मग ५ चा, तेव्हा कुठे सहाव्या वर्षी मी पुन्हा होते तिथे. पन्नास, तीस, पंचवीस, पंधरा, पाच. बेरीज १२५ टक्के. सव्वा वर्षाचा पूर्ण हप्ता! ९,००० वर ११,२५०, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर १३,२७५. गाडीची किंमत दर वर्षी उतरते तसा हप्ताही थोडा उतरतो, म्हणून अकरा-बारा हजार धरू. ८,८२५ मिळवण्यासाठी अकरा-बारा हजार, तेही पाच वर्षांच्या हप्त्यांत, कुठे फारसं जाणवणार नाही अशा बेताने.

हीच बेरीज पहिल्या वर्षातल्या गाडीसाठी करून पाहिली तर चित्र पालटतं. तिच्याकडे घालवायला बोनसच नाही. फक्त शिडी एक वर्ष उशिरा चढावी लागते. वीस, पाच, दहा, दहा, पाच, एकूण ५० टक्के. वर झिरो डेप. म्हणजे नव्या गाडीच्या मालकाने लहान नुकसानीला बिनदिक्कत दावा करावा आणि जुन्याने दहादा विचार करावा, असा उलटा न्याय. व्यवहारात मात्र नव्या गाडीचा मालक बोनस वाचवायला धडपडतो, आणि जुन्याला वाटतं इतकी वर्षं भरतोय, आता काही तरी निघू दे. त्यात आणखी एक मेख आहे : बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. गाडी विकली तरी तो विकत घेणाऱ्याला जात नाही. त्याचं प्रमाणपत्र घेऊन ठेवता येतं, तीन वर्षं चालतं, आणि नव्या गाडीच्या घसघशीत हप्त्यावर तेच ५० टक्के लावता येतात. वर्षभरात गाडी बदलायचं मनात असेल तर आज केलेला दावा आणखी महाग.

हा हिशेब मांडणारी मी काही पहिली नाही. जाँ लमेर नावाच्या बेल्जियन विमागणितज्ञाने १९७७ साली एक निबंध लिहिला. त्याने त्याला नाव दिलं होतं ‘बोनसची तहान’. चालकाने प्रत्येक पायरीवर किती रकमेच्या आतलं नुकसान मुकाट गिळावं, याची मर्यादा त्याने गणिताने काढून दाखवली. कंपन्यांनाही ही तहान चांगली ठाऊक असते. लोक लहान नुकसान स्वतः सोसतील हे धरूनच त्यांचे दर बसलेले असतात. म्हणजे आम्ही गप्प बसतो ते मनाचा मोठेपणा म्हणून वगैरे नव्हे. आमच्या गप्प बसण्याची तजवीज आधीच झालेली असते.

तरीही एक गोष्ट मला त्या कागदावर सापडली नाही. आकडे उलटे पडले असते, कंपनी बारा हजार देणार असती आणि आठ हजार जाणार असते, तर मी दावा केला असता का? मला तशी खात्री नाही. ‘फुल’ हा शब्द गेला असता. काही न मागता इतकी वर्षं काढली याचं आमच्यासारख्या घरांत एक वेगळंच सुख असतं, आणि ते रुपयांत बसत नाही. ते कधी कधी फार महागही पडतं.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी या भागात माणसं वाहून गेली, भिंती पडल्या, गाड्या एकमेकींवर चढून बसल्या. बँकेतली माझी एक सहकारी सहकारनगरात राहायची. तिच्या गाडीत स्टिअरिंगपर्यंत गाळ. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी त्या गाळात उभ्या होतो, आणि तिने एजंटला फोन लावून पहिला प्रश्न काय विचारावा? “म्हणजे आता माझा एनसीबी जाणार का हो?” एजंट पलीकडे काही क्षण गप्पच झाला असावा. मग त्याने तिला दोन गोष्टी सांगितल्या. गाडी सुरू करून बघायची नाही, किल्लीला हातसुद्धा लावायचा नाही, कारण इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारला तर पुढची मोडतोड तुमच्या निष्काळजीपणात जमा होते. आणि बोनसचा विचार सोडून द्यायचा. तिला पूर्ण नुकसान म्हणून गाडीची ठरलेली किंमत मिळाली. त्याच गल्लीत ज्यांचा फक्त सक्तीचा, तिऱ्हाइताचा विमा होता, त्यांना स्वतःच्या गाडीसाठी एक पैसा मिळाला नाही. त्यांतल्या कित्येकांना त्या सकाळपर्यंत आपला विमा ‘पूर्ण’ आहे असंच वाटत होतं. ज्या वेळी मागायलाच हवं त्या वेळीसुद्धा आधी संकोच पुढे होतो, हे मी त्या गाळात पाहिलं आहे. म्हणून गप्प बसण्याच्या या सवयीचं मला एका मर्यादेपलीकडे कौतुक वाटत नाही.

माझ्या पोच्याचं पुढे काय झालं ते सांगण्यासारखं फार नाही. वडगावात एक डेंटर-पेंटर आहेत. त्यांनी बंपर बदलायचा विचारसुद्धा केला नाही. उकळतं पाणी ओतलं, आतून हाताने दाबलं, आणि तो फुगून जागेवर आला. फेंडर ठोकून, पुट्टी भरून, घासून रंगवला. दोन्ही मिळून ५,५०० रुपये. टँकरमालकाचे २,००० त्यात गेले. ऊन तिरपं पडलं की रंगातला फरक दिसतो, आणि तो मला एकटीलाच दिसतो.

पण त्या कागदाने एक नवंच खूळ डोक्यात घातलं. नूतनीकरणाच्या अर्जात एक चौकोन असतो. कुणी त्याकडे बघत नाही. सक्तीच्या १,००० रुपयांच्या वर आणखी किती नुकसान तुम्ही स्वतःहून सोसायला तयार आहात, असं तो विचारतो : २,५००, ५,०००, ७,५०० किंवा १५,०००. जितकं जास्त सोसाल तितकी हप्त्यात सूट; १५,००० ला ३५ टक्के, पण जास्तीत जास्त २,५०० रुपये. मी तर आत्ताच सिद्ध केलं होतं की बारा-तेरा हजारांच्या आतला दावा मी कधीच करणार नाही. म्हणजे तेवढं मी सोसतेच आहे, वर्षानुवर्षं, फुकट! मग त्याचे पैसे का सोडायचे?

नवऱ्यापुढे हे मांडलं. तो इंजिनिअर आहे, आकड्यांशी भांडत नाही. त्याने कागद नीट पाहिला आणि नेमकं बोट ठेवलं : “मोठं नुकसान झालं तर? आत्ता एक लाखाचा दावा केलास तर हजार वजा होतील. हे घेतलंस तर सोळा हजार.” बरोबर होतं त्याचं. माझं गप्प बसणं फक्त लहान नुकसानीपुरतं होतं, आणि हा चौकोन मोठ्या नुकसानीतही आपला वाटा कापून घेणार होता. मग आम्ही तेही मांडलं. जीएसटीसकट वर्षाला फार तर २,९५० वाचणार. १५,००० एकदा गेले तर पाच वर्षांची बचत गेली. म्हणजे पाच वर्षांतून एकापेक्षा कमी वेळा मोठा अपघात होत असेल तर चौकोनात खूण करणं फायद्याचं. आजवर तर आम्हाला एकही झालेला नव्हता.

“तेव्हा पुढच्या पाच वर्षांत मोठा अपघात होणार नाही असं आपण धरू,” मी म्हटलं, “आणि—”

“असं तोंडातून काढू नकोस,” तो म्हणाला. “वास्तू तथास्तु म्हणते.”

“अरे, मी ‘होणार नाही’ म्हणतेय.”

“त्याआधी काय म्हणालीस?”

“मग होईल असं धरू?”

यावर तो उठून पाणी प्यायला गेला. ज्या माणसाने आयुष्यभर पुलांच्या कठड्यांची ताकद मोजली, त्याला एका चौकोनापुढे हे वाक्य उच्चारवेना. आणि खरं सांगायचं तर तो आत गेल्यावर मीही ते पुन्हा म्हटलं नाही. पेन्सिलीने कडेला ‘५ वर्षे’ लिहून समोर प्रश्नचिन्ह काढलं होतं, ते तसंच राहिलं.

एजंटांना मी दोन्ही आकडे पाठवायला सांगितले होते. त्यांनी फोनच केला. “मॅडम, इतक्या वर्षांत ते कुणी मागितलं नाही हो माझ्याकडे. गरज पडली तर मागता आलं पाहिजे ना पूर्ण? शून्यच ठेवू?”

“ठेवा,” मी म्हटलं.

“आणि या वेळी एनसीबी प्रोटेक्ट टाकू का? म्हणजे एखादा क्लेम केलात तरी बोनस जागेवर. फार नाही पडत.”

“किती पडतंय?” मी कागद उलटा केला.